जाड चामडे विजेच्या करवतीवर: घरच्या कार्यशाळेतील अनुभव

बुटांच्या टाचेचे थर आणि अवजारांच्या मुठींसाठी लागणाऱ्या चामड्याच्या चकत्या ही माझ्या घरच्या कार्यशाळेतली नेहमीची कामे आहेत. दोन्हींसाठी तळाचे, म्हणजे पाच मिलिमीटर किंवा त्याहून जाड आणि दाबून घट्ट केलेले चामडे लागते. तीन मिलिमीटरपर्यंतचे चामडे धार लावलेल्या रापीने, म्हणजे चामडे कापायच्या हत्याराने, दोन-तीन फेऱ्यांत सुबक कापले जाते. पाच मिलिमीटरला मात्र तीच रेघ पुन्हा पुन्हा गिरवावी लागते, वळणावर पाते तिरके होते आणि सगळा जोर अंगठ्याच्या मुळाशी येतो. गेल्या वर्षाच्या अखेरीस तिथले दुखणे इतके वाढले की डॉक्टरांनी असे काम काही महिने बंद ठेवायला सांगितले. काम सोडण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून जानेवारीत विजेच्या करवतीचा पर्याय गांभीर्याने तपासायला घेतला. ‘चामडे करवतीवर कापता येते’ एवढे सगळीकडे वाचायला मिळाले, पण कसे, कोणत्या पात्याने आणि कोणती काळजी घेऊन, हे सलग कुठेच मिळेना. ज्यांना हे काम सुरू करायचे आहे त्यांच्यासाठी ते इथे क्रमाने लिहीत आहे.

पहिले काही आठवडे यंत्राला हात न लावता पत्रव्यवहारात गेले, आणि ते तसेच जायला हवेत असे माझे मत आहे. लाकूडकामासाठी घेतलेली एक स्क्रोल सॉ (वरखाली धावणाऱ्या बारीक पात्याची करवत) आणि एक लहान बँडसॉ (चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची करवत) माझ्याकडे होती. दोन्हींच्या माहितीपुस्तिकांत लाकूड आणि प्लास्टिक यांचाच उल्लेख होता, चामड्याचा नव्हता. म्हणून यंत्राचा क्रमांक, चामड्याचा प्रकार, त्याची जाडी आणि वापरायचे पाते हे सर्व लिहून दोन्ही उत्पादकांकडे लेखी विचारणा केली. एकाचे उत्तर आठवडाभरात आले. दुसऱ्याला स्मरणपत्र पाठवावे लागले आणि फेब्रुवारी उजाडला. दोघांचे म्हणणे साधारण सारखेच निघाले: ताठ आणि टेबलावर सपाट बसणारे चामडे योग्य पात्याने कापायला हरकत नाही, मऊ व ताणले जाणारे चामडे उघडे कापू नये, आणि संरक्षक झाकणे कोणत्याही कारणाने काढू नयेत. ही उत्तरे यंत्रांच्या पावत्यांसोबत फाइलला लावून ठेवली, कारण हमीच्या काळात यंत्र बिघडले तर नेमून दिलेल्या कामाबाहेर वापर झाला असे म्हटले जाऊ शकते. घराचा विमा असलेल्या कंपनीलाही यंत्रांची यादी कळवली; त्यासाठी एक अर्ज भरावा लागला, हप्त्यात फरक पडला नाही. वीजतंत्रज्ञाकडून अर्थिंग तपासून घेतले आणि करवत व धूळ ओढणारे यंत्र एकाच वेळी चालले तर वायरिंगला भार झेपतो का, हेही पाहून घेतले. ही सगळी पत्रे एकाच दिवशी पाठवावीत, म्हणजे वाट पाहण्याचे दिवस एकावर एक चढत नाहीत.

याच काळात चामड्याच्या विक्रेत्याकडे चाचणी अहवाल मागितला. चामडे मुख्यत्वे दोन पद्धतींनी कमावले जाते: वनस्पतींतील टॅनिनने किंवा क्रोमियमच्या क्षारांनी. क्रोमने कमावताना वापरले जाणारे क्रोमियम त्रिसंयुजी असते आणि ते तुलनेने कमी घातक मानले जाते. पण उष्णता आणि अतिनील प्रकाश यांमुळे त्यातील काही भाग षट्संयुजी होऊ शकतो, आणि हे रूप त्वचेला व श्वसनमार्गाला घातक आहे. युरोपीय संघाने १ मे २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंसाठी त्याची मर्यादा किलोग्रॅममागे ३ मिलिग्रॅम ठेवली आहे, आणि त्याची चाचणी आयएसओ १७०७५ या प्रमाणाने होते. करवत म्हणजे घर्षण आणि घर्षण म्हणजे उष्णता, त्यामुळे कोणते चामडे कसे कमावले आहे हे न कळता ते करवतीखाली घालणे मला मान्य नव्हते. अहवाल मागताना हा प्रमाण क्रमांक लिहिला की विक्रेत्याला नेमके काय हवे ते कळते. माझ्या टाचेच्या चामड्यावर ‘वनस्पतींनी कमावलेले’ अशी स्पष्ट नोंद मिळाली आणि पुढचे सर्व काम मी त्यावरच करायचे ठरवले.

धुळीचा विषय इथे थोडा विस्ताराने मांडते, कारण रापीने काम करणाऱ्याला त्याची सवय नसते. रापी धूळ करतच नाही. दात्यांची करवत मात्र चामड्याच्या तंतूंची अतिशय बारीक, हलकी, कपड्यांना चिकटणारी भुकटी करते आणि ती हवेत बराच वेळ तरंगत राहते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने चामड्याच्या धुळीचा समावेश पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवते असे निश्चित मानलेल्या घटकांत केला आहे. बूट तयार करणाऱ्या कामगारांत नाकाच्या पोकळीतील आणि त्याभोवतीच्या पोकळ्यांतील कर्करोग आढळले, हा त्यामागचा मुख्य आधार आहे. हे वाचल्यावर मी काही दिवस खरोखर अस्वस्थ होते आणि हा बेत सोडून द्यावा का, असाही विचार आला. शेवटी खर्चाचा क्रम बदलला. नव्या पात्यांसाठी बाजूला काढलेल्या रकमेपेक्षा कितीतरी अधिक रक्कम बारीक धूळ अडवणारी गाळणी असलेल्या, धूळ ओढणाऱ्या यंत्रावर गेली आणि त्याचे तोंड थेट पात्याच्या खाली, टेबलाच्या पोटात बसवले. शिवाय चेहऱ्याला घट्ट बसणारा, किमान एन९५ किंवा एफएफपी२ दर्जाचा मुखवटा काम संपल्यावरही हवा निवळेपर्यंत ठेवायचा आणि जमीन झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसायची, हे नियम घातले. ज्या यंत्राच्या पिशवीत ही भुकटी जमते, त्याच यंत्राला लोखंड घासण्याचे ग्राइंडर कधीही जोडू नये. एक ठिणगी पिशवीत धुमसायला पुरेशी असते.

फेब्रुवारीच्या मध्यावर प्रत्यक्ष यंत्रांकडे वळले. गोल पात्याची टेबल करवत विचारातूनच काढून टाकली. लवचीक वस्तू तिथे पात्यावर उचलली जाते आणि माणसाच्या अंगावर फेकली जाते. चामड्यासाठी तिचा विचारही करू नये. हातात धरून चालवायच्या जिगसॉ या करवतीसाठी दाते नसलेली, लाटेरी धारेची पाती मिळतात आणि मोठ्या तुकड्याची ओबडधोबड विभागणी करायला ती उपयोगी आहेत, पण जिगसॉचे पाते वर जाताना कापते आणि चामडे सोबत उचलते, म्हणून बारीक आकार तिच्यावर सोपवले नाहीत. उरल्या स्क्रोल सॉ आणि बँडसॉ.

कातरणांवर पहिल्या चाचण्या मुद्दाम कोणताही आधार न देता घेतल्या, कारण चामडे स्वतःहून कसे वागते ते पाहायचे होते. स्क्रोल सॉचे पाते वरखाली धावते. त्यातल्या वर जाणाऱ्या प्रत्येक फेरीला चामड्याचा तुकडा टेबलावरून किंचित उचलला जाई आणि परत आपटे. दाबपट्टी खाली आणली तेव्हा आपटणे थांबले, पण चामडे पात्याभोवती दबून फुगू लागले. बँडसॉचे पाते सतत खालीच जाते, त्यामुळे तिथे चामडे टेबलावर निमूट बसले. मात्र पाते ज्या फटीतून खाली जाते तिथे चामड्याला आधार नसल्यामुळे तंतू न तुटता खाली ओढले गेले. दोन्ही तुकडे भिंगाखाली ठेवून पाहिले. वरची, गुळगुळीत बाजू जवळजवळ स्वच्छ होती. खालच्या कडेला मात्र दीड-दोन मिलिमीटर लांबीच्या करड्या तंतूंची झालर लोंबत होती, आणि कडेच्या मधोमध एक अरुंद, चकचकीत तपकिरी पट्टा होता, ज्याला जळालेल्या केसांसारखा वास येत होता. लाकडाला रेषा असतात, चामड्याला तशी ठरलेली दिशा नसते. त्याचे तंतू सर्व बाजूंनी एकमेकांत गुंतलेले असतात. दात्याने एक तंतू धरला की तो शेजारच्या चार तंतूंना घेऊन सरकतो आणि मागे काही टेकू नसेल तर तुटण्याऐवजी ताणला जातो. माझ्या दृष्टीने सगळ्या कामाचे मर्म इथे आहे. पात्यांचे क्रमांक बदलत बसण्याआधी चामड्याला वरून आणि खालून पक्का आधार द्यायला हवा.

त्यासाठी तीन मिलिमीटरच्या प्लायच्या दोन तुकड्यांमध्ये चामडे ठेवून गठ्ठा करण्याची पद्धत वापरली. तिचा एक फायदा सुरुवातीला लक्षात येत नाही. करवतीच्या कामात असा संकेत आहे की कापायच्या जाडीत एका वेळी किमान तीन दाते असावेत. पाच मिलिमीटरच्या एकाच थरासाठी हे पाळायचे तर इंचाला १६ किंवा त्याहून अधिक दाते लागतात. इतक्या बारीक दात्यांमधली जागा भुकटीने लगेच भरते, पाते घासू लागते आणि कड जळते. पाच मिलिमीटरचे दोन थर आणि वर-खाली प्लाय मिळून जाडी १६ मिलिमीटर होते, तेव्हा इंचाला १० दात्यांचे पातेसुद्धा सहा दात्यांनिशी कापते, भुकटी बाहेर काढायला त्याला जागा मिळते आणि उष्णता कमी राहते. म्हणजे आधारासाठी घातलेल्या प्लायमुळे जळण्याचा प्रश्नही बराच सुटतो, आणि एका वेळी दोन सारखे तुकडे मिळतात.

गठ्ठा बांधताना आधी चामडे एक रात्र वजनाखाली सपाट करून घ्यावे. तुकडे पाठीच्या घट्ट भागातले घ्यावेत. पोटाकडचे चामडे सैल विणीचे असते आणि गठ्ठ्यातही सरकते. चामड्याच्या गुळगुळीत बाजूला आधी कागदी चिकटपट्टी लावावी आणि दुहेरी चिकटपट्टी तिच्यावर बसवावी, नाहीतर शेवटी सोडवताना वरचा पापुद्रा निघून येतो. मागच्या खरखरीत बाजूला दुहेरी पट्टी थेट लावली तरी चालते. त्यानंतर वरच्या प्लायवर कागदी साचा चिकटवून आकाराबाहेरच्या वाया जाणाऱ्या भागात लहान स्क्रू बसवावेत. पात्याची वाट त्यांच्यापासून पुरेशी दूर आहे ना, हे साच्यावरच पेन्सिलीने आखून पाहावे. स्क्रू फार आवळू नयेत. चामडे दबलेल्या स्थितीत कापले आणि मग मोकळे झाले की कड सरळ राहत नाही. साच्यावरून पारदर्शक पॅकिंग टेप लावला तर पात्याला थोडे वंगण मिळते आणि डाग कमी पडतात. टेबलाच्या फटीवरही एक पातळ प्लाय चिकटवून त्यात पात्यापुरतीच चीर पाडली, म्हणजे गठ्ठ्याच्या तळाला अगदी पात्यालगतपर्यंत आधार मिळतो.

मार्चच्या सुरुवातीला पहिला खरा गठ्ठा बँडसॉवर घेतला. यंत्र सुरू करताना हाताला घाम होता, हे इथे नोंदवते, कारण अशी भीती वाटणे योग्यच आहे आणि तिच्यामुळे बोटे जागेवर राहतात. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केस बांधलेले, डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे नाहीत. फिरणाऱ्या पात्याजवळ मोजा अडकला तर तो हातालाच ओढून नेतो. वरचा मार्गदर्शक, म्हणजे पात्याला जागेवर धरणारा भाग, गठ्ठ्याच्या वर सहा मिलिमीटरच्या आसपास आणून ठेवला, म्हणजे पात्याचा उघडा भाग कमीत कमी राहतो. गठ्ठा ढकलायचा नाही, पाते जेवढे खाईल तेवढाच पुढे द्यायचा. मात्र एका जागी थांबायचेही नाही, कारण थांबल्या जागी कड काळी पडते. सहा मिलिमीटर रुंदीचे पाते साधारण १६ मिलिमीटर त्रिज्येपर्यंतचे वळण घेते, तीन मिलिमीटरचे पाच मिलिमीटरपर्यंत. टाचेच्या मागच्या गोलाईला पहिले पुरते, म्हणून पाते बदलावे लागले नाही. पाते बदलायचे असेल तेव्हा प्लग भिंतीतून काढावा, नुसते बटण बंद करून भागत नाही. कापून झाल्यावर गठ्ठा उघडला तेव्हा दोन्ही थरांच्या कडा फिकट आणि सरळ होत्या, झालर नव्हती. त्या क्षणी वाटलेला दिलासा मोठा होता; अंगठ्याला त्या दिवशी अजिबात ताण आला नव्हता.

मुठीच्या चकत्यांचे काम स्क्रोल सॉकडे दिले, कारण त्यांना मधोमध धातूच्या दांड्यासाठी लांबट भोक लागते. गठ्ठ्याला ड्रिलने छिद्र पाडून पाते त्यातून ओवले आणि आतला आकार आधी, बाहेरचा नंतर कापला. उलट क्रमाने केले तर धरायला काही उरत नाही. यासाठी क्रमांक ५ चे, एकाआड एक दाता गाळलेले पाते चांगले चालले. त्याची जाडी सुमारे ०.४ मिलिमीटर असते, म्हणून आतले माप फारसे वाढत नाही. वेग यंत्राच्या मधल्या टप्प्याच्या थोडा खाली ठेवला. पाते बोथट झाले की आधी आवाज बदलतो, मग वास येतो. वासाची वाट न पाहता आवाजावरच पाते बदलावे. पाते स्वस्त असते, त्याने जाळलेले चामडे नव्हे.

बँडसॉसाठी दाते नसलेले, चाकूसारख्या धारेचे पातेही मिळते, आणि मार्चअखेरीस तेही मागवले. ते येण्यास वेळ लागला, कारण माझ्या यंत्राच्या लांबीचे पाते तयार मिळत नव्हते, जोडून घ्यावे लागले. मागवताना जुन्या पात्यावरची लांबी उतरवून द्यावी, यंत्राच्या नावावर विसंबू नये. हे पाते चामडे चिरते, त्यामुळे भुकटी जवळपास होत नाही आणि वाया जाणारी रुंदीही नाही. सरळ पट्ट्या आणि मोठ्या, सावकाश वळणांसाठी ते सर्वोत्तम आहे. पण त्याची धार मार्गदर्शकांना घासू नये म्हणून मांडणी नव्याने करावी लागते, लहान वळणावर ते अडते, आणि ते इतके शांतपणे कापते की कानाला धोक्याची जाणीवच राहत नाही. मी ते बसवते तेव्हा यंत्रावर लाल फडके बांधून ठेवते.

कडा पुऱ्या करण्याचे काम गठ्ठा सोडवण्याआधीच सुरू करावे. चकतीच्या सँडरवर गठ्ठा साच्याच्या रेघेपर्यंत घासला की सर्व थर एकसारखे होतात. याही वेळी धूळ ओढणारे यंत्र आणि मुखवटा लागतोच. सोडवल्यानंतर २२० आणि मग ४०० क्रमांकाचा पॉलिश पेपर, कडेची धार मारणारे हत्यार, थोडे पाणी किंवा ट्रॅगाकँथ डिंक, लाकडी दांड्याने घासणे आणि शेवटी मधमाश्यांचे मेण, असा क्रम ठेवला. पाणी फक्त या टप्प्यावर वापरावे. भुकटी उडू नये म्हणून चामडे ओले करून कापावे असे सुचवले जाते, ते मी टाळते. वनस्पतींनी कमावलेले ओले चामडे साधारण ७० ते ८५ अंश सेल्सियसला आकसते आणि पात्यापाशी तेवढी उष्णता सहज होते. शिवाय टॅनिन आणि लोखंड पाण्यात एकत्र आले की निळसर काळा डाग पडतो, तो घासून जात नाही. बिडाच्या टेबलावर दमट चामडे थोडा वेळ ठेवले तरी तो दिसतो.

एप्रिलमध्ये क्रोमने कमावलेल्या मऊ चामड्याचे काय करायचे, याचा निर्णय घेतला. प्लायमध्ये घट्ट बसवले तर तेही कापले जाते, पण त्याची भुकटी आणि त्यातील क्रोमियम यांचा विचार करता ते करवतीवर न्यायचेच नाही, कात्रीने किंवा गोल फिरत्या पात्याने कापायचे, असे ठरवले. मऊ चामड्याला जोरही कमी लागतो, त्यामुळे अंगठ्याची अडचण येत नाही. त्याची कातरणे जाळू नयेत आणि खतातही टाकू नयेत. स्थानिक कचरा विभागाला याबद्दल लेखी विचारले तेव्हा ती बंद पिशवीत, वेगळी नोंद करून द्यायला सांगितले. उत्तर यायला सर्वाधिक वेळ इथेच लागला.

आता कामाची वाटणी अशी आहे. तीन मिलिमीटरपर्यंतचे एखाद-दुसरे तुकडे रापीनेच होतात, कारण गठ्ठा बांधायला लागणारा वेळ कापण्यापेक्षा जास्त जातो. पाच मिलिमीटरचे चार किंवा अधिक सारखे तुकडे हवे असतील तरच करवत सुरू होते. चामड्यासाठीची पाती लाकडाच्या पात्यांपासून वेगळी ठेवते, कारण चामड्यातील तेल आणि मेण दात्यांवर बसते आणि पुढच्या लाकडाला लागते. प्रत्येक कामानंतर यंत्र बंद करून, प्लग काढून, पाते उतरवून पितळी ब्रशने स्वच्छ करते आणि बँडसॉच्या चाकांवरचे रबरी पट्टे पुसून घेते, नाहीतर तिथे साचलेल्या भुकटीमुळे पुढच्या वेळी पाते जागेवरून सरकते.